विरघळण्याचं माप

वाणगाव ते बोईसर एकच स्टेशन. सकाळच्या लोकलच्या मालडब्यात मिरचीच्या गोणी मुंबईला निघालेल्या असतात; शेजारच्या डब्यातून मी तारापूर एमआयडीसीसाठी उतरतो. वडिलांनी जन्मभर मिरची लावली. मी गोळ्या करतो, पाण्याशिवाय जिभेवर विरघळणाऱ्या, जीवनसत्त्वांच्या.

या गोळीला दोन धनी. पहिला रस्ता. तलासरीच्या पाड्यापर्यंत टेम्पोत आदळत जाताना तिचा चुरा होता कामा नये. म्हणून आम्ही गोळ्या पिंपात घालून शंभर फेरे फिरवतो; वजनातली घट एक टक्क्याच्या आत हवी. दुसरा धनी जीभ. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 साली अशा गोळीसाठी साधारण 30 सेकंदांचं माप सांगितलं. गोळी पाडताना दाब वाढवला की रस्ता खूश, जीभ नाराज. कमी केला की उलट.

बी-बारा तर फारच नाजूक. मिथाइलकोबालामिन उजेडात खराब होतं, म्हणून लाल दिव्याखाली काम. दोनशे मिलिग्रॅमच्या गोळीत ते अवघं दीड मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलो मिश्रणात पाऊण शेर म्हणायचीही सोय नाही. फक्त पंचाहत्तर ग्रॅम. ते एकदम ओतायचं नाही. जेवढ्यास तेवढी पूड घालून घोळायची, मग पुन्हा तेवढीच, असं दुपटीने वाढवत न्यायचं. घाई केली की गोळीवर गुलाबी ठिपके उमटतात आणि चूक सगळ्यांना दिसते. बाकी बहुतेक मॅनिटॉल. विरघळताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, म्हणून जिभेला गार लागतं. त्यात चार-पाच टक्के क्रॉसपोव्हिडोन. समईची वात तेल ओढते तसं ते लाळ आत ओढतं आणि फुगून गोळी उकलतं.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक घाणा बिघडला. पूड गोळी दाबणाऱ्या पंचाला चिकटू नये म्हणून शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात, दोन-तीन मिनिटंच फिरवतात. मी फोनवर बोलत राहिलो, मिक्सर वीस मिनिटं फिरला. गोळ्या ठिसूळ निघाल्या, म्हणून वाटलं चटकन विरघळतील. बिनऔषधाचीच चाचणी होती. एक जिभेवर ठेवली. दोन मिनिटं झाली तरी खडा तसाच.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मोहन जास्त झालं. चकली अशीच हसते तेलात." ठिसूळपणाचं कोडं तिने सोडवलं. न विरघळण्याचं वडिलांनी. मला वाफ्यापाशी नेऊन कडेच्या तुडवलेल्या वाटेवर त्यांनी तांब्या ओतला. पाणी वरनंच पळालं. मग रोपाच्या बुडाशी ओतला. मातीने आवाज न करता पिऊन टाकलं. "पाणी शिरायला जागा लागते," एवढंच बोलले. स्टिअरेटचा मेणचट पापुद्रा कणाकणावर बसला होता. आतली वात कोरडीच राहिली होती.

तेव्हापासून मी गोळीपेक्षा तिच्यातल्या पोकळीचा विचार जास्त करतो. कण दाबायचे, पण त्यांच्यामधल्या वाटा बुजवायच्या नाहीत.

आजीला गोळी गिळता येत नाही, घशात अडकते. डॉक्टरांनी बी-बारा लिहून दिलं तेव्हा मी दुकानातून विरघळणारीच आणली. तिने जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मी सवयीने मनात आकडे मोजत होतो. बाविसाव्याला तिने डोळे उघडले.

"गोड होती रे," ती म्हणाली. "आता औषध दे."