सोमवारच्या आत

मिरज, 10 जानेवारी 2026

चि. मुक्ता,


पोस्टाने हे सोमवारच्या आत पोचायचं नाही, म्हणून पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडतोय.

काल फोनवर सांगितलंस त्यातलं एकच डोक्यातून जात नाही. कंपनीवाल्यांनी खोलीत बोलावून मोबाइल बाहेर ठेवायला लावला, आणि राजीनाम्याचा मेल त्यांनीच टाइप करून ठेवलेला. तू फक्त 'सेंड' दाबायचं. अगं, काढायचंच आहे तर काढा म्हणावं, राजीनामा कशाला हवा? कपात केली की एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तुझी नऊ वर्षं झाली, म्हणजे 135 दिवस. ग्रॅच्युइटी वेगळी. स्वतःहून सोडलीस तर त्या 135 दिवसांचा प्रश्नच मिटला. ते 'सद्भावनेने' दोन महिन्यांचा पगार का देतायत, कळलं ना?

"पण काका, मी कामगार थोडीच आहे!" कार्डावर लीड लिहिलंय म्हणून? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणारा कामगारच होता, आणि गेल्या नोव्हेंबरात लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पगाराची मर्यादा आहे ती देखरेख करणाऱ्यांना. पदाच्या नावापेक्षा दिवसभर काय करतेस ते बघतात. तू कोड लिहितेस. (कुणाची रजासुद्धा मंजूर करता येत नाही म्हणून कुरकुरत होतीस. ते आता कामाला येईल.)

युनियनचं म्हणशील, तर आम्ही बँकवाले कॉम्प्युटरलाच अडवणारी माणसं. 1983 च्या करारानंतर शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं, त्यावर बसणाऱ्याला भत्ता, आणि तो कुणाला यावरून आम्हीच ज्येष्ठतेची यादी घेऊन भांडत बसलो. काउंटरपलीकडे माणसं ताटकळलेली. लोकांची सहानुभूती आम्ही घालवली ती अशी. तरी त्या यंत्रापायी आमच्या शाखेतली एकही खुर्ची गेली नाही.

तुमच्यात युनियन नाहीच असं नाही. कर्नाटकातल्या आयटीवाल्यांची 2017 सालीच नोंदली गेली. पुण्यात नाइट्स ही आयटीवाल्यांची संघटना कामगार खात्याकडे तक्रारी घेऊन जाते. तुमच्या ग्रुपवर साठ जण आहेत म्हणालीस. रात्री एकमेकांना धीर देता आणि सकाळी त्या खोलीत एकेकटे जाता!

रिलीव्हिंग लेटर अडवतील ही भीती खोटी नाही. हप्ते तुझे आहेत. माझं पेन्शन चालू आहे, मला लिहायला काय जातं? पण सोमवारी 'सेंड' दाबू नकोस. एवढंच म्हण, जे काही आहे ते मेलवर द्या. बाहेर आलीस की पार्किंगमध्येच बसून वेळ, खोलीत कोण कोण होतं, कोण काय बोललं, सगळं लिहून काढ.

वहिनींना मी अजून काही बोललेलो नाही.

तुझा,
काका