मागील दारचा आडोसा

आमच्या घरी मुंबईहून पाहुणे आले, की चहा होण्याआधीच पहिला प्रश्न येतो, "एवढ्या लांब कशाला आलात? स्टेशनपासून रिक्षावाला किती घेतो?" रिक्षाचे भाडे आम्ही सांगतो. लांब का आलो हे सांगायला मात्र पाहुण्यांना स्वयंपाकघरातून मागील दारी न्यावे लागते. तिथे बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद जमीन आहे, तीन बाजूंनी भिंत आहे आणि वर आभाळ आहे. ही जागा बघून आम्ही घर घेतले. घर बघताना लोक हॉल बघतात, किचनचा ओटा बघतात, आम्ही परसदार बघितले. त्यात काय बरोबर झाले आणि काय चुकले, हे सांगावे असे बरेच दिवस मनात होते. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे आता निवृत्तीला आली आहेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पैसा आयुष्यात एकदाच हातात येतो.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एकाने सांगायचे, दुसऱ्याने खोडायचे, असे करीत हा मजकूर झाला आहे. म्हणून त्यात 'मी' कोठेच नाही. आमच्यातील गडी महापालिकेच्या पंपावर फिटर होता आणि बाई महापालिकेच्याच रुग्णालयात आया. संसार झाला वरळीच्या बीडीडी चाळीत. खोली १६० चौरस फुटांची, माणसे नऊ. त्या खोलीबद्दल आमची तक्रार नाही. तिथे दाराला दिवसा कधी कडी लागली नाही, आजारपणात कोणाला हाक मारावी लागली नाही. पण एक गोष्ट बायकांनाच ठाऊक. खोलीतल्या मोरीला जुन्या साडीचा पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे सासरा पेपर वाचत बसलेला. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. बादली घेऊन निघाले, की गॅलरीतल्या प्रत्येक दाराला कळायचे कोण कुठे चालले आहे. केस धुतले तर ते सुकवायलाही गॅलरीतच उभे राहायचे, आणि समोरच्या चाळीतून चाळीस खिडक्या बघायच्या. आमच्यातील बाईने ३४ वर्षे अंगावर पदर घेऊन केस सुकवले.

तिच्या माहेरी, रत्नागिरीकडच्या वाडीत, घर लहानच होते. पण मागे हातभर परसू होते. दगडांचा गडगा, त्यावर माडाच्या झावळ्या विणून उभा केलेला आडोसा, आत चुलखंडावर पाण्याचे हंडे. कालकथित आई सांगायच्या, की हा आडोसा त्यांच्या सासूने हट्टाने घातला. त्याआधी वाडीतल्या बायांना उजाडायच्या आत वहाळावर जावे लागे. निवृत्त झाल्यावर घर बघायचे ठरले, तेव्हा बाईने एकच अट घातली. "खोल्या किती का असेनात. मला मागं एक जागा पाहिजे, जिथं मला कोणी बघणार नाही."

२०१७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही बदलापूर ते कर्जत या पट्ट्यात बैठी घरे बघत हिंडलो. निवृत्तांसाठी म्हणून ज्या वसाहती निघाल्या होत्या, त्यांतच बघायचे ठरवले होते. जिना नको, आणि सोबतीला आपल्याच वयाची माणसे. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. भाच्याने, तो वकील आहे, फोनवर ही बातमी सांगितली. आम्ही तेव्हा एका सँपल हाऊसच्या मागच्या हिरवळीवर उभे होतो आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे बघत होतो.

सँपल हाऊस हा मोठा फसवा प्रकार आहे. ते घर एकटेच उभे असते. आजूबाजूला गवत, लांब डोंगर, वाऱ्याची झुळूक. परसदारी बसावे तर वाटते, जगात आपण दोघेच. आम्ही मंजूर नकाशा मागितला. ऑफिसातल्या मुलाने चहा मागवला, नकाशा काही मागवला नाही. मग भाच्याने महारेराच्या संकेतस्थळावर तो काढून दिला. आमच्या त्या डोंगराच्या जागी तीन मजली इमारत होती आणि तिच्या बाल्कन्या बरोबर आमच्या बाजूला. भिंत कितीही घाला, वरून बघणाऱ्याला ती अडवीत नाही. हे आम्हाला चाळीतच शिकायला मिळाले होते, तरी हिरवळ बघून विसरलो होतो.

दुसऱ्या एका वसाहतीत मागे भिंतच नव्हती. सगळ्या घरांची परसदारे एकाच मोकळ्या पटांगणात उघडत होती. "यामुळे एकोपा राहतो," असे तिथले व्यवस्थापक म्हणाले. एकोप्यात आमचा जन्म गेला आहे हे त्यांना कसे सांगावे!

आणखी एका ठिकाणी घर चांगले होते, भावही जमत होता. फॉर्म भरताना समोरच्या गृहस्थांनी आडनाव वाचले, मग गाव विचारले, मग गावातली वाडी विचारली. वाडी सांगितल्यावर नकाशावरचे त्यांचे बोट हळूच सरकले. आधी दाखवलेले घर "होल्डवर" असल्याचे त्यांना आठवले. मागच्या रांगेत, सांडपाण्याच्या टाकीला लागून दोन घरे होती. ती घ्या म्हणाले. "तिकडं तुम्हाला प्रायव्हसी पण मिळेल." आम्ही नमस्कार करून उठलो. परतीच्या गाडीत कोणीच बोलले नाही. गावकुसाबाहेरच्या जागेला पूर्वीही कोणाची नजर लागत नव्हती. बाईला जो आडोसा हवा होता तो हा नव्हे.

ओढ्याकाठची घरेही बघितली. मागे पाणी, पलीकडे शेत, बघणारा कोणी नाही. मोह झाला होता. पण फिटरचा जन्म पाण्यात गेलेला. त्याने ओढ्याच्या काठावर झाडांच्या फांद्यांत अडकलेला कचरा बघितला आणि पाणी कोठवर चढते याचा अंदाज घेतला. २०१९ च्या २७ जुलैला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली, तेव्हा त्या ओढ्याकाठच्या घरांतही पाणी शिरले.

शेवटी जे घर घेतले, त्याच्या मागे दुसऱ्या रांगेतल्या घराची पाठ आहे. पाठीला पाठ. आमच्या अनुभवाने सांगतो, की मागे मोकळा प्लॉट असण्यापेक्षा हे बरे. मोकळ्या प्लॉटवर उद्या काय उभे राहील सांगता येत नाही. समोरच्या घराचे तोंड आपल्या पाठीकडे असेल तर त्याच्या ओटीवर बसलेला माणूस दिवसभर आपल्या परसात बघणार. त्याचाही इलाज नाही, त्याने डोळे कुठे ठेवावेत? पण त्याचीही पाठच असेल, तर त्याच्याही बाईला आडोसा हवाच असतो.

आणखी दोन गोष्टी. परसदार उभ्याने बघू नका. प्लॅस्टिकची खुर्ची मागा आणि बसून बघा, कारण म्हातारपणी आपण तिथे बसणार आहोत. आणि एकदा संध्याकाळी दिवे लागल्यावर जा. उजेडातल्या माणसाला बाहेरचा अंधार दिसत नाही, पण अंधारातल्याला उजेडातला माणूस सगळा दिसतो.

भिंतीचेही ऐका. सोसायटीने भिंत दीड मीटरची दिली होती. आमच्यातील गड्याला ती गळ्यापर्यंत येते. नियमाप्रमाणे भरीव भिंत तेवढीच. त्याच्या वर वाढवायची तर जाळीसारखे उघडे काम करावे लागते. भाच्याला आम्ही विचारले, शेजाऱ्याने उद्या भिंतीवरून दिसेल अशी खिडकी काढली तर? तो म्हणाला, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात कलम १८ खाली असे उदाहरणच दिलेले आहे, की एखाद्या गावात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या खाजगीपणात मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी कोणी काढू शकत नाही. पण आधी ती रूढी सिद्ध करावी लागते. आता दोन वर्षांच्या वसाहतीत कसली रूढी? आमच्या इकडे रूढी एकच, दुपारी एक ते चार कोणाची बेल वाजवायची नाही.

मग आम्ही भिंतीवर तीन फूट जाळी लावली. जाळीवर पहिल्या पावसाळ्यात घोसाळी आणि कारली चढवली. ती दिवाळीनंतर वाळली आणि सगळे उघडे पडले. शेवगा लावला, तर त्याच्या विरळ पानांतून काय झाकणार? बांबू लावू नका, त्याची मुळे शेजाऱ्याकडे जातात आणि पाने आपल्या गटारात. शेवटी निरगुडी टिकली. तिला बकरी तोंड लावत नाही, पाणी फारसे लागत नाही, आणि पाला गुडघ्याला शेकायला होतो. तिसऱ्या वर्षी चारी बाजू हिरव्या झाल्या.

त्या दिवसांत आमच्यातील बाई सकाळी न्हाऊन, केस मोकळे सोडून, गाऊनवर, मागील दारी खुर्ची टाकून बसायची. तासभर. हातात काही काम नाही. गड्याने विचारले, "काय करतेस?" तर म्हणाली, "काही नाही करत. तेच करते आहे." सुनेने एकदा मोबाइलवर फोटो काढायला घेतला, तर तिला जवळजवळ हाकलून लावले.

आता चुकीचे सांगतो.

भिंत, तीवर जाळी, तीवर निरगुडी. दक्षिणेच्या बाजूने ऊन येत होते तेच अडले. फरशीचा उतार गटाराकडे पुरेसा नव्हता, आणि पाला पडून पाणी तुंबत होते. २०२२ च्या जुलैत सतत पाऊस लागला आणि फरशीवर शेवाळ धरले. गडी बँकेत पासबुक भरायला गेला होता. बाई वाळत घातलेला टॉवेल काढायला बाहेर आली आणि घसरली. उठता येईना. मोबाइल आत, फ्रिजवर. ती हाका मारीत होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता, शेजारच्या आक्कांकडे टीव्ही चालू होता. आक्का भिंतीच्या पलीकडे, चार हातांवर, कांदा चिरीत बसल्या होत्या. जाळी नसती तर त्यांना नुसती मान वर केली तरी दिसले असते.

पाऊणेदोन तास ती भिजत पडून होती. गडी परत आला तेव्हा ओठ निळे पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले, आत सळी बसवली, चार महिने वॉकर. बाई आजही म्हणते, दुखण्याचे एवढे नाही; पण त्या फरशीवर पडल्या पडल्या तिला चाळीची गॅलरी आठवली. तिथे नुसते भांडे पडले तरी तीन दारांतून लोक बाहेर यायचे. आणि ज्या जागेसाठी हट्ट धरला होता त्याच जागेत कोणी बघत नव्हते.

दवाखान्यात आक्का भेटायला आल्या. जयभीम घातला आणि रडायलाच लागल्या. "मी तिथंच होते वो. तिथंच होते." मुलगा म्हणाला, सगळी झाडे तोडून टाका. सून म्हणाली, कॅमेरा बसवू, मी इथून मोबाइलवर बघत जाईन. बाईने वॉकर जमिनीवर आपटला. "चाळीस खिडक्या सोडून आले, ते तुमच्या एका खिडकीत बसायला?" सुनेचा हेतू चांगलाच होता, हे आम्हाला कळते. तिला तेव्हा वाईट वाटले, अजूनही थोडे वाटते.

झाडे आम्ही तोडली नाहीत. दक्षिणेची निरगुडी कमरेइतकी छाटली, ऊन आले. गुळगुळीत फरशी काढून खरखरीत घातली, उतार फिटरने स्वतः पातळी लावून धरला. दोरी दाराजवळ आणली. भिंतीला धरायला पाइप बसवला. २०२४ मध्ये महारेराने निवृत्तांच्या घरांसाठी नियम काढले, त्यांत न्हाणीघरात धरायला कठडे आणि न घसरणाऱ्या फरश्या सांगितल्या आहेत. आम्ही तेच परसदारीही केले एवढेच.

आणि आक्कांच्या बाजूच्या भिंतीत अडीच फूट रुंदीची वाट पाडली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी हरकत घेतली, भिंत सामाईक आहे म्हणून. दोन्ही घरांनी सह्या करून अर्ज दिला, तो तीन मीटिंगा फिरला आणि पास झाला. जुन्या दाराच्या फळ्या जोडून त्या वाटेला एक लहान फाटक केले. आम्ही त्याला माहेरच्या बोलीत बेडे म्हणतो. कडी दोन्हीकडून निघते. आमच्यात आणि आक्कांच्यात ठरले आहे, की आधी खाकरायचे, मग दोनदा टकटक, आणि "थांबा" म्हटले तर थांबायचे. काहीच उत्तर आले नाही तर मात्र थांबायचे नाही, सरळ आत यायचे. सकाळी आठच्या सुमारास एकदा त्या टकटक करतात, दुपारी चारला आम्ही करतो. बहुतेक वेळा आतून नुसते "हूं" येते. तेवढ्यावर ज्याचा तो परत फिरतो.

बाई पुन्हा केस मोकळे सोडून बसते. आता खुर्ची जरा बेड्याच्या बाजूला सरकली आहे. बेड्याची बिजागरी पावसाने गंजली आहे आणि उघडताना फार कुरकुरते. गड्याने तेलाची बाटली काढली, तेव्हा दोघी बायकांनी मिळून ती त्याच्या हातातून काढून घेतली.