दोन स्नायूंमधली पांदण

छत्तीसगढमधल्या हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सांगाडे जुळविणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे फोरमनची चाकरी बजावली, आणि मुदत भरता भरता माझाच एक सांधा निकामी झाला. निकामी झाला होता उजवा खुबा, पण ठणकत होता गुडघा. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही मज्जातंतूंचे मूळ एकच असल्यामुळे एकाची तक्रार दुसऱ्याच्या नावे दाखल होते, हे मला ठाऊक नव्हते; ज्या दवाखान्यात मी दोन वर्षे गुडघ्याला शेक घेत होतो, तेथेही ते कोणाच्या ध्यानी आले नाही. अखेर पायमोजे चढविण्यासाठी पत्नीला हाक मारावी लागू लागली, तेव्हा भाच्याने मला बळेच नागपूरला नेले. तेथे एका क्ष-किरण चित्रात सारा खुलासा झाला. मांडीच्या हाडाचा गोल माथा चपटा होऊन हाडावर हाड घासत होते.

सांधा बदलण्यास माझी हरकत नव्हती. बेअरिंग गेले की बदलावे, एवढे शास्त्र मलाही कळते. भय होते ते आत शिरण्याचे, कारण आमच्या धंद्यात बेअरिंगच्या किमतीपेक्षा ते काढताना भोवतालचे जे नासते त्याचीच भरपाई जड जाते. जॉन चार्न्ली या इंग्रज शल्यवैद्याने 1962 साली रायटिंग्टन येथे पोलादी गोळा आणि पॉलिथिलिनची वाटी बसवून ही शस्त्रक्रिया भरवशाची केली खरी, पण त्याच्या रीतीत मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून बाजूस सारावा लागे आणि शेवटी तारेने बांधावा लागे. पुढे रूढ झालेल्या मागच्या वाटेने हाड शाबूत राहते. मात्र मांडी बाहेर वळविणारे लहान स्नायू सोडवून पुन्हा शिवावे लागतात, आणि ते जुळेपर्यंत उकिडवे बसणे, मांडी घालणे वर्ज्य.

नागपूरच्या डॉक्टरांची वाट पुढची होती; त्यांनी माझीच बोटे माझ्या मांडीच्या मुळाशी ठेवली आणि म्हणाले, “काका, पाय जरा उचलून बाहेर वळवा.” बोटांखाली दोन दोरखंड ताणले गेले, मध्ये एक खोबण लागली. “इथून जायचं.” आतल्या अंगाच्या त्या स्नायूचे लॅटिन नाव शिंप्यावरून पडले आहे, आणि दोन्ही स्नायूंना मज्जातंतू निरनिराळ्या बाजूंनी येतात, म्हणून त्यांच्या शिवेवरून गेले तर कोणाचेच तोडावे लागत नाही, जसे दोन शेतांमधल्या पांदणीतून बैलगाडी कोणाचे पीक न तुडवता जाते. ह्यूटर या जर्मनाने ही वाट एकोणिसाव्या शतकातच वर्णिली होती. 1947 साली फ्रान्समध्ये ज्यूदे यांनी तिच्यावरून कृत्रिम सांधा बसविला. वाट जुनी आहे हे ऐकून मला धीर आला; चार बोटांच्या व्रणाची जाहिरात ऐकून आला नसता.

“मग सगळेच इकडून का जात नाहीत?” मी विचारले. जागा अरुंद, हात बसायला बऱ्याच शस्त्रक्रियांची तालीम लागते, मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा राहू शकतो, आणि फरक मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांचाच; वर्षाअखेर दोन्ही वाटांचे रोगी बहुधा सारखेच चालतात. एवढे सरळ सांगणाऱ्याच्या कागदावर मी तत्काळ सही केली.

शस्त्रक्रियेच्या वेळी कमरेखालचे शरीर बधिर होते, कान मात्र शाबूत. खुब्याची उखळी घासून किंचित कमी मापाची ठेवतात आणि वाटी ठोकून बसवितात; हातोड्याचा पोकळ आवाज एका ठोक्यासरशी भरीव झाला, तेव्हा पडद्याआडून मी म्हणालो, “बसली!” पलीकडे कोणीतरी हसले.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहिलो. सहाव्या आठवड्यात हथखोजला गेलो तो दरवाजावरचा छत्तीसगढी पहारेकरी म्हणाला, “काकाजी, अब तो बने रेंगत हव!” त्याच्या बोलीत रेंगणे म्हणजे नुसते चालणे, हे ठाऊक असूनही माझ्यातला मराठी माणूस क्षणभर खट्टू झाला. उजव्या मांडीवर तळहाताएवढी जागा अद्याप बधिर आहे. पायमोजे मी स्वतः घालतो.