बाबांची वजनांची वही

माझे वडील नेव्हल आर्किटेक्ट होते असे सांगितले की बहुतेकांचा समज होई, ते नौदलाच्या वसाहतीतील इमारतींचे नकाशे काढत असावेत. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासरच्या मंडळींनी त्यांना बाल्कनी बंद करून घेण्याविषयी सल्ला विचारला होता. बाबांनी तो दिलाही. प्रत्यक्षात त्यांचे सारे आयुष्य जहाजांत गेले. १९६४ साली खरगपूरच्या आयआयटीतून नौकास्थापत्याची पदवी घेऊन ते सरकारी नोकरीत लागले, आणि निवृत्तीपर्यंत मुंबईच्या गोदीत सरकारी जहाजांचे आराखडे व दुरुस्त्या पाहत राहिले.

त्यांच्या पिढीला अभिमान वाटावा असे त्या काळात बरेच घडले. ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या आराखड्यावरून माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात दाखल झाली आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८३ साली, आपल्याच लोकांनी आराखडा केलेली ‘गोदावरी’ आली. बाबा या जहाजांविषयी घरच्या मुलींविषयी बोलावे तसे बोलत. त्यांचे स्वतःचे काम मात्र एवढे झळाळते नव्हते. ओढबोटी, तेल-पाणी वाहून नेणारे पडाव, वय झालेली जहाजे दर काही वर्षांनी सुक्या गोदीत घेऊन त्यांचा तळ खरवडणे, झिजलेले पत्रे बदलणे, नवी यंत्रे बसवताना ती कोठे बसवावीत हे ठरवणे, असे ते काम होते. “जहाज बांधणाऱ्याचा फोटो छापून येतो,” ते म्हणत, “आणि तीस वर्षं ते तरंगत ठेवणाऱ्याला फक्त मेमो येतात.”

त्यांच्याजवळ एक लांबट, कापडी बांधणीची वही असे. दुरुस्तीच्या काळात जहाजावर जे जे चढले आणि जे जे उतरले त्याचे वजन, त्याची जागा व तळापासूनची उंची ते तीत लिहीत. कार्यालयात अधिकृत नोंदी होत्याच, पण बाबांचा विश्वास स्वतःच्या वहीवर. मी लहानपणी विचारले होते, एवढे मोठे जहाज, त्यात चार खुर्च्या वाढल्या तर काय बिघडते? त्यांनी बादलीत पाणी घेतले, त्यात स्टीलची वाटी तरंगत ठेवली आणि वाटीच्या तळाशी दहा पैशांची नाणी रचली. वाटी छान स्थिर राहिली. मग तीच नाणी त्यांनी एका उभट डबीत भरली व ती डबी वाटीत उभी केली. वजन जवळपास तेवढेच. बादलीला जरासा धक्का लागताच वाटी कलंडली आणि नाणी तळाला गेली. आईने ती बादली पिण्याच्या पाण्याची असल्याचे तेवढ्यात निदर्शनास आणून दिले.

वजन किती यापेक्षा ते कोठे ठेवले आहे, हे महत्त्वाचे. तळघरातल्या टनभर वजनाने जहाज निश्चिंत होते आणि डोलकाठीवर चढवलेल्या थोड्याशा वजनाने ते हळवे होते. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या जहाजांचा खरा रोग गंज नव्हे, कारण गंज दिसतो. खरा रोग म्हणजे न दिसता वाढत जाणारे वजन. दर दुरुस्तीत रंगाचा नवा थर चढतो. नवे यंत्र येते तेव्हा जुने काढतात, पण त्याच्या केबली पत्र्यांच्या आड तशाच राहतात. त्या ओढून काढण्याचे कष्ट कोणालाच नको असतात. प्रत्येक खात्याला आपली वस्तू आवश्यकच वाटते, आणि प्रत्येकाचे म्हणणे त्याच्यापुरते खरेही असते. सगळ्यांची बेरीज करणारा मात्र एकच माणूस असतो.

ती बेरीज न केल्याने काय होते, हे सांगताना ते नेहमी ‘कॅप्टन’ या ब्रिटिश युद्धजहाजाची कथा सांगत. आराखड्याप्रमाणे त्याची बाजू पाण्याबाहेर आठ फूट राहायची होती. बांधता बांधता वजन वाढत गेले आणि ती साडेसहा फुटांच्या आसपास भरली. नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांना या जहाजाविषयी आधीपासून शंका होती. पण ज्यांची ही कल्पना, त्या कूपर कोल्स यांच्या बाजूने लोकमत होते. सप्टेंबर १८७० मध्ये स्पेनच्या फिनिस्टर भूशिरापाशी वादळी रात्री ते उलटले. साडेचारशेहून अधिक माणसे बुडाली, त्यांत स्वतः कोल्सही होते. बाबा येथे नेहमी थांबत आणि म्हणत, “वाईट हेतू कुणाचाच नव्हता.”

हे सर्व मी शंभरदा ऐकले होते. तरीही माझ्याच घरात ते घडत होते आणि मला दिसले नाही.

वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी बाबांना सात गोळ्या चालू होत्या. हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबासाठी दोन दिलेल्या, त्यांतली एक लघवी वाढवणारी, शिवाय एक कोलेस्टेरॉलची. प्रोस्टेटसाठी मूत्ररोगतज्ज्ञांची एक. गुडघेदुखीच्या काळात वेदनाशामक गोळीने पोट बिघडू नये म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी आम्लपित्ताची गोळी सुरू केली होती. वेदनाशामक बंद होऊन दोन वर्षे झाली, तरी आम्लपित्ताची चालूच राहिली. उरलेल्या दोन माझ्या. धाकटे काका गेले तेव्हा बाबांना झोप येईना, म्हणून मी झोपेची गोळी आठ दिवसांपुरती दिली होती, ती चार वर्षे चालली. पुढे त्यांना उठताना गरगरू लागले, तेव्हा मी चक्करेची गोळी दिली. दवाखान्यातून फोनवरच सांगितली. घरी जाऊन त्यांना तपासले नाही.

पावसाळ्यात एका पहाटे तीनच्या सुमारास ते लघवीसाठी उठले आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. आईने फोन केला तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणानेच मला भीती वाटली. खुब्याचे हाड मोडले होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली व ती चांगली झाली. मग फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना वॉकर धरून उभे केले. दोन मिनिटांत त्यांचा चेहरा पांढरा पडला. तिने त्यांना पुन्हा निजवले आणि मला विचारले, “मॅडम, यांचं उभं राहिल्यावरचं बीपी कधी बघितलंय का?”

मी बघितले नव्हते. निजलेले असताना रक्तदाब १३८/८० होता, उभे राहून तिसऱ्या मिनिटाला १०४/६६. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तरी आम्ही त्याला दोष मानतो. येथे वरचा ३४ ने उतरला होता. रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्या, प्रोस्टेटची गोळी, तीवर झोपेच्या गोळीची गुंगी आणि चक्करेची गोळी, जी वयस्कर माणसाचा तोल सावरण्याऐवजी कधी कधी अधिकच बिघडवते. ज्या गरगरण्यावर मी एक गोळी वाढवली, ते आधीच्या गोळ्यांमुळेच येत असावे.

संध्याकाळी मी हे बाबांना सांगितले. ते थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तू माझी इन्क्लायनिंग टेस्ट केलीस.” कागदावरच्या बेरजेवर विसंबून न राहता जहाज प्रत्यक्ष किती स्थिर आहे हे पाहण्याची ती चाचणी. वारा नसलेल्या वेळी, शांत पाण्यात, दोर सैल सोडून, अनावश्यक माणसे उतरवून, मोजलेली वजने डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची. आत लांब ओळंबा टांगलेला असतो व त्याचे वजन हलू नये म्हणून तेलात किंवा पाण्यात बुडवलेले असते. जहाज जेमतेम एखाद-दोन अंश कलते आणि ओळंबा काही इंच सरकतो. त्यावरून गुरुत्वमध्य कोठे आहे ते कळते. “निजलेलं जहाज सगळ्यांनाच स्थिर दिसतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी विचारले, “कोणतं वजन कोणी, केव्हा, कशासाठी चढवलं, सांगता येईल तुला?” तीन गोळ्यांपाशी मी अडखळले. दोन गोळ्यांपुढे ‘कोणी’ याचे उत्तर ‘मी’ हे होते. “तू मुलगी आहेस म्हणून राहिलं,” बाबा म्हणाले. “बाहेरचा पेशंट असता तर तू तपासलं असतंस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी आईने घरून एक कोरी वही आणली. बाबांनी निजूनच रकाने आखले: गोळी, कोणी दिली, कोणत्या तारखेस, कशासाठी, आणि शेवटचा रकाना ‘केव्हा उतरवायचे’. झोपेच्या गोळीपाशी आल्यावर त्यांनी मिलिग्रॅम विचारले. पाव मिलिग्रॅम, मी म्हणाले. “यादीतलं सगळ्यात हलकं वजन,” ते म्हणाले, “आणि बसवलंय थेट डोलकाठीच्या टोकावर.”

आम्ही वजने उतरवली, पण एकदम नव्हे. चक्करेची गोळी प्रथम थांबली. झोपेची गोळी थोडी थोडी कमी करीत दोन महिन्यांनी बंद झाली, कारण ती अचानक तोडली तर बेचैनी, निद्रानाश, क्वचित झटकेही येतात. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी लघवी वाढवणारी थांबवली. आम्लपित्ताची गोळी, ती जुनी केबल, अखेर ओढून काढली. चार महिन्यांनी उभे राहिल्यावरचा आकडा १२६ वर टिकू लागला आणि बाबा काठी घेऊन कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत जाऊ लागले.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा गोळ्यांचा डबा असेल. कृपा करून हा लेख वाचून त्यातील काहीही स्वतःहून बंद करू नका. रक्तदाब, हृदय, मधुमेह, रक्त पातळ ठेवणे, फिट्स यांची औषधे मनाने थांबवल्यास पडण्याहून मोठे संकट येऊ शकते. मात्र चालू असलेली सारी औषधे एका पिशवीत भरून, चूर्णे, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्यांनी सुचवलेली शक्तीची गोळीही सोडू नका, एकाच डॉक्टरांपुढे ओता आणि प्रत्येकीचे कारण विचारा. घरी रक्तदाबाचे यंत्र असल्यास पाच मिनिटे निजून एकदा, उभे राहून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला एकेकदा असे आकडे लिहून न्या. त्या वेळी शेजारी कोणी तरी उभे असावे. आम्ही डॉक्टर घाईत असतो, नवे औषध लिहायला अर्धे मिनिट लागते आणि जुने काढायला पंधरा मिनिटे. ही सबब नव्हे, पण वस्तुस्थिती आहे. विचारणाऱ्या माणसाचा मला आता राग येत नाही. पूर्वी येत असे.

बाबा त्यानंतर दोन वर्षे होते. फुप्फुसाच्या संसर्गाने ते गेले, अंथरुणात, चार दिवसांत. शेवटच्या पानावर तीन गोळ्या होत्या व त्यांच्या अक्षरात तारखा.

वही आता आईकडे आहे. गेल्या महिन्यात तिचा गुडघा सुजला म्हणून मी वेदनाशामक गोळी लिहून दिली. तिने चष्मा लावला, वही उघडली, नाव लिहिले, तारीख लिहिली, ‘कोणी’ या रकान्यात माझे लाडके नाव लिहिले. मग शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून ती माझ्याकडे पाहत थांबली.

“पुढचा रविवार,” मी म्हणाले. तिने तसे लिहिले.