चोपन्न चौरस फूट

धुळ्याच्या आमच्या घरात सतरंज्या तीन होत्या आणि तिघींचा दर्जा ठरलेला होता. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाहुण्यांची. ती कपाटावर घडी घालून बसलेली असायची आणि सत्यनारायण असला किंवा मोठ्या बहिणीला बघायला कोणी आलं, तरच खाली उतरायची. लाल काठाची रोजची. तिसरीचा मूळ रंग घरात कोणालाच आठवत नव्हता. तिच्यावर आम्ही भावंडं झोपायचो आणि उन्हाळ्यात तिच्यावरच जुनं धोतर पसरून आई गच्चीत बिबडे वाळत घालायची. पाहुण्यांची सतरंजी झिजली की रोजची व्हायची, रोजची विरली की आमच्या वाट्याला यायची. नवी सतरंजी घरात येणं म्हणजे खालच्या दोघींची बदली.

वडील न्यू प्रताप मिलमध्ये होते. शिस्तीचा माणूस. रोज रात्री जेवण झालं की डायरी काढून दिवसाचा खर्च लिहायचे. ज्वारी, रॉकेल, वह्या, दाढीचं ब्लेड, सगळं पैशापर्यंत. त्या डायऱ्या माझ्याकडे आहेत. त्यात साबण आहे, धुण्याचा सोडा आहे, नीळ आहे, आणि दर महिन्याला ‘परीट’ असा एक शब्द आणि त्यापुढे रक्कम आहे.

परीट रविवारी यायचा. आई एका वहीत कपडे टिपून घ्यायची: पँटी अमुक, चादरी तमुक. सतरंजी दिली तर ती चार नगांच्या बरोबरीची धरायची, असा दोघांचा करार होता. तरी प्रत्येक वेळी ‘ताई, भिजली की ही उचलत नाही’ आणि ‘दादा, मागच्या वेळेला चारच ठरलं होतं’ हा संवाद व्हायचाच. कपड्याच्या कोपऱ्यात त्याची बिब्ब्याची खूण असे. बिब्ब्याचा रस चुन्याला लागला की काळाभोर होतो आणि कापड फाटलं तरी निघत नाही. आमच्या घराची खूण दोन ठिपके आणि एक आडवी रेघ.

मामाच्या गावी परिटाला पैसे नसत. तो बलुतेदार. वर्षभर धुवायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. किती घोंगड्या धुतल्या, कुणाचं बाळंतपणाचं धुणं केलं, त्याची मोजदाद कुठेच नाही; पाटलाच्या मापात जेवढे दाणे बसतील तेवढी मजुरी. गाडगेबाबा अशाच एका परिटाच्या घरात, अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मले. गावात शिरल्यावर आधी खराटा हातात घ्यायचा, गाव झाडून काढायचा आणि मगच भाकरी मागायची, हा त्यांचा रिवाज. आपण त्यांना स्वच्छतेचे संत म्हणून फोटोत बसवलं. मला मात्र त्यात एक सरळ व्यवहारही दिसतो: काम आधी, भाकरी नंतर, आणि ती भाकरी भिक्षा नव्हे.

गोधड्या मात्र परिटाकडे जात नसत. त्या नदीवर. खान्देशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, आणि त्याआधी अख्खं घर उलटंपालटं होतं. भिंतींना चुना, डबे घासणं आणि घरातल्या प्रत्येक अंथरुणाला पाणी. पुन्हा घटस्थापनेच्या आधी तेच. पांझरेला त्या दिवसांत पाणी असायचं. देवपूरच्या बाजूला एकवीरा देवीच्या देवळाच्या आसपास बायकांची रांग लागलेली असे. कोणी दगडावर ५०१ साबणाची वडी घासते आहे, कोणी मोगरीने बडवते आहे, कोणी गुडघाभर पाण्यात उभी राहून गोधडी पायाखाली तुडवते आहे.

गोधडी कोरडी असते तेव्हा तीन-चार किलोची. आत जुन्या लुगड्यांचे आणि गिरणीच्या तुकड्यांचे थर, सगळा कापूस. ती पाणी पिते आणि मग एकट्या बाईला हलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशेने पिळायची. जिची पकड सुटेल ती पाण्यात बसेल. आम्हा मुलींना त्या पिळण्याची फार मौज वाटायची. आईच्या सोड्याने फुटलेल्या बोटांकडे लक्ष जाण्याचं आमचं वय नव्हतं. श्रावणातलं ऊन बेभरवशाचं. सर आली की सगळ्या गोधड्या गोळा करायच्या आणि थांबली की पुन्हा पसरायच्या.

कानबाईच्या रोटांचे गहू बऱ्याच घरांत मुठी मोजून घेतात, घरातल्या पुरुषांच्या नावाने. बाहेरगावी नोकरीला गेलेला काका, पाळण्यातला भाऊ, सगळ्यांची मूठ पडायची. मूठ मोजणारी, गहू निवडणारी, दळणारी आणि त्याआधी घर धुऊन काढणारी, तिच्या नावाची मूठ नसायची. तेव्हा हे कोणाला खटकत नव्हतं, आईलाही नाही.

लग्न होऊन मी जळगावला आले ती ऐंशीच्या दशकात. इथे पायाखालची दुनिया वेगळीच होती. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे कारखाने. या शहराची चटई देशभर आणि देशाबाहेरही जाते. धुळ्याची न्यू प्रताप आणि जळगावची खान्देश मिल, दोन्ही कापडगिरण्या पुढे बंद पडल्या आणि घरात अंथरायची वस्तू सुताची न राहता पॉलिप्रॉपिलीनची झाली. तो धागा पाणी धरत नाही. ओल्या फडक्याने पुसली की चटई स्वच्छ, झटकली की कोरडी. बादलीभर पाण्यात चार चटया. ज्या शहरात नळ रोज येत नाही, तिथे हे सुख लहान नव्हे. धुळ्यात तर माझ्या भावजयीचं आठवड्याचं वेळापत्रकच नळाच्या फेरीवर चालतं. सासूबाईंना मात्र चटई पटली नाही. उन्हाळ्यात पाठीला घामाने चिकटते, हे त्यांचं म्हणणं, आणि जळगावच्या पंचेचाळीस अंशांत ते खोटं नव्हतं.

त्यांच्या सतरंजीचा जीव भरताच्या पार्टीत. हिवाळ्यात शेतावर काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची आणि सतरंजीवर पंगत. तेल, हळद, मिरचीचा ठेचा, सगळं तिच्यावर सांडायचं. तेलाला त्या राख आणि साबण लावत. हळदीला काहीच नाही. ‘ऊन आहे ना,’ म्हणायच्या. खरंच होतं ते. हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही. साबणाने निघाला नाही तो डाग दोन दिवसांच्या उन्हात फिका पडतो. ढेकणांनाही तेच औषध. खान्देशात उन्हाला लोक शिव्या देतात, पण धुलाईच्या धंद्यात इतका स्वस्त गडी दुसरा नाही.

घराचं कर्ज फिटलं त्या वर्षी आमच्याकडे गालिचा आला. भदोहीचा, लोकरी, हाताने गाठी मारलेला, सहा बाय नऊचा. एका प्रदर्शनात यांनी तो पाहिला आणि घेतलाच. पहिले काही महिने त्यावर कोणी पाय ठेवत नव्हतं. सगळे कडेकडेने चालायचे. मग सरावले. आणि मग कळलं की ही वस्तू धुवायची कशी, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही.

सतरंजीवरची धूळ दिसते. गालिचा धूळ पोटात घालतो. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ तर अतिबारीक; ती लोकरीच्या मुळाशी जाऊन बसते आणि दर पावलागणिक धागा कापत राहते. वरून झाडू मारला तर ती हलतही नाही. सोडा वापरायची सोय नाही, कारण सोड्याने सूत उजळतं पण लोकर मरते. भिजवायचं म्हटलं तर वाळवायचं कुठे? ओली लोकर पावसाळ्यात दोन दिवसांत कुबट वास मारते. मी तो गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने बडवायची, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या धुतलेल्या साड्यांवर तालुकाभराची माती पडायची. बिछायत केंद्रवाल्याला विचारलं, तुम्ही लग्नातले कारपेट कसे धुता? तो म्हणाला, मोकळ्या जागेत पसरतो, मोटर लावतो आणि खराट्याने घासतो. त्याच्या कारपेटला ते चालतं. गाठींच्या लोकरीला नाही.

शेवटी निमित्त झालं केळीचं. यावलकडच्या नातेवाइकांनी प्रेमाने अख्खा घड आणला आणि दिवाणखान्यात गालिच्यावरच टेकवला. केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो. हवा लागली की तपकिरी होतो, आणि मग तो जात नाही. रावेर-यावलच्या शेतमजुरांचे कपडे बघितले की कळतं. मुलाने पुण्याहून फोन करून जळगावातल्याच एका सफाईवाल्यांचा नंबर शोधून दिला. त्यांनी पलीकडून पहिला प्रश्न विचारला: किती चौरस फूट?

सहा नव्वे चोपन्न. सुती असेल तर फुटाला १० रुपये, लोकरी असेल तर २५. म्हणजे १३५०, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २४३. एकूण १५९३ रुपये.

दोन मुलं मशीन घेऊन आली. आधी कोरडं मशीन फिरवून त्यांनी धूळ ओढली आणि पिशवी मला उघडून दाखवली. ओंजळभर काळी माती निघाली होती. मग पांढरं फडकं ओलं करून एका कोपऱ्यात दाबून धरलं, रंग सुटतो का ते बघायला. मग लोकरीला चालेल असं सौम्य द्रावण, हलक्या ब्रशचं मशीन, आणि लगेच दुसऱ्या नळीने ते पाणी परत ओढून घेणं. बादलीत जे पाणी जमलं, ते बघून सासूबाई खुर्चीवरून उठून आल्या. ‘सावलीत, पंख्याखाली वाळवा,’ मुलगा म्हणाला, ‘कडक उन्हात रंग उडेल.’ चिकाचा डाग फिका झाला, गेला नाही. त्याने तेही सरळ सांगितलं: ‘काकू, हा जाणार नाही. आपण पैसे धुळीचे घेतो, डागाचे नाही.’

ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘कितला?’

मी आकडा सांगितला. त्या जरा वेळ गालिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मंग माले कितला देशी?’

आम्ही दोघी हसलो. पण रात्री मी वही घेऊन बसले. आईच्या सहा गोधड्या, पाच बाय सातच्या, म्हणजे २१० चौरस फूट. सुती दराने एका धुण्याचे २१००. कानबाईला एकदा, नवरात्राला एकदा, वर्षाचे ४२००. चाळीस वर्षांचा संसार धरला तर आजच्या दराने १ लाख ६८ हजार. त्यात नदीपर्यंत ओझं वाहणं नाही, सरीबरोबर पळापळ नाही आणि रोजचं धुणं तर नाहीच. वडिलांच्या डायरीत साबण, सोडा, नीळ आणि परीट आहे. आईची ओळ नाही. त्यांनी ती लपवली नव्हती. जे पैसे देऊन घेतलेलं नाही ते खर्चात धरायचं नसतं, एवढाच त्यांच्या जमाखर्चाचा नियम होता, आणि तो नियम सगळ्या घरांचा होता.

‘नुसतं कारपेट साफ करायचे दीड हजार?’ असं आमच्या सोसायटीत अजूनही विचारतात. मला वाटतं, स्वच्छता कधीच स्वस्त नव्हती. आपण ती उधारीवर घेत होतो. खळ्यावरच्या दाण्यांत थोडी फिटायची, बाकीची आईच्या, सासूच्या नावावर चढत राहायची. आता कोणी तिचं बिल फाडलं की आकडा मोठा वाटतो.

पण बिल आलं म्हणून सगळं लिहिलं गेलं, असंही नाही. जाताना त्या मुलांना मी विचारलं होतं, तुम्हाला यातलं काय मिळतं? दोघं एकमेकांकडे बघून हसले. ‘रोजाने पाचशे, काकू. घरं तीन करा नाहीतर चार.’ म्हणजे चोपन्न फूट आहेत, दर आहे, सरकारचा कर आहे आणि ज्या हातांनी ब्रश चालवला त्यांची ओळ पुन्हा नाहीच. मशीनला हप्ते असतात, गाडीला पेट्रोल असतं, मालकालाही घर असतं, हे सगळं खरं. तरी पाटलाच्या मापाची आठवण झाली.

गोधड्या आता नदीवर नेण्याची सोय राहिली नाही. बांभोरीजवळ गिरणेवर अजून बायका दिसतात, पण वाळू उपसून जागोजाग खड्डे पडलेत; पाय कुठे टाकावा कळत नाही. घरच्या मशीनमध्ये ओली गोधडी फिरत नाही. यंदा कानबाईच्या आधी मी गोधड्या कॉलनीतल्या धुलाईवाल्याकडे दिल्या. एक दादा आणि त्यांची बायको दोघंच ते दुकान चालवतात. नगाला दीडशे रुपये म्हणाले. सवयीने ‘शंभर घ्या ना’ तोंडावर आलं होतं, ते गिळलं आणि सहा गोधड्यांचे नऊशे मोजून दिले. भाजीबाजारात मात्र माझी घासाघीस अजून चालूच आहे. तिथली उधारी काढायची झाली तर वही पुरणार नाही.