चिंचेने घासलेला शिक्का

आमच्या घरी देवघरातल्या टाळांबरोबर एक अठरा इंची सिंबलही चिंचेने घासली जायची. बाबा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. गणपतीचे कार्यक्रम संपले की ती काळवंडलेली तबकडी मोरीत जाई आणि आई हंड्या-कळशांइतक्याच निष्ठेने तिला चिंच-मीठ लावी. बाबांनी ती एका गोवेकर ड्रमरकडून घेतली होती. तो बोटीवर वाजवायला निघाला होता. ‘तुर्की माल आहे’ असं सांगून त्याने ती दिली आणि बाबांनीही जन्मभर तेच सांगितलं. पुरावा म्हणून ते पत्र्यात दाबलेला ठसा दाखवत. वर अरबी वळणाची अक्षरं, खाली इंग्रजीत ‘टर्किश सिंबल्स’. लहानपणी मला तो एखाद्या सुलतानाचा हुकूम वाटे.

चाळिशीत मला जुन्या सिंबलांचे ठसे वाचायचा नाद लागला, तेव्हा एका रात्री मी टॉर्च तिरपा धरून आमचीच सिंबल तपासली. समोरून न दिसणारी एक ओळ सावलीत उभी राहिली : ‘मेड इन यूएसए’.

वरची अक्षरं ‘झिल्जियान’ या नावाची. तुर्कीत झिल म्हणजे झांज, जी म्हणजे ती करणारा, आणि यान हा आर्मेनियन लोकांचा वंशदर्शक शेवट. आपल्या ‘तांबट’च्याच जातीचं आडनाव. इस्तंबूलमधलं हे आर्मेनियन घराणं सतराव्या शतकापासून या धंद्यात. त्यातला आवेदिस तरुणपणीच अमेरिकेला गेला आणि तिथे मिठाईचा कारखाना काढून बसला. त्याचा काका आराम तिकडे आला आणि १९२९ साली बोस्टनजवळ क्विन्सीला सिंबलांचं काम सुरू झालं. गंमत अशी, की तुर्कस्तानाने अरबी लिपी सोडून रोमन घेतली ती आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये. मायदेशाने टाकलेली अक्षरं अमेरिकेतल्या पत्र्यावर पुढे कित्येक वर्षं उमटत राहिली.

खुद्द इस्तंबूलच्या ‘के. झिल्जियान’ सिंबलांचं वय शहराच्या नावावरून कळतं. ठशात ‘कॉन्स्टँटिनोपल’ असेल तर माल जुना. १९३० नंतर तिथे ‘इस्तंबूल’ आलं. १९७७ साली तो कारखाना बंद झाला, म्हणजे हद्द ठरली. मधल्या काळासाठी अक्षरांची जाडी, ठशाची उंची आणि ओळींची मांडणी बघत बसायचं. यातून काळाचा एक पट्टा मिळतो. नेमकं साल सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. ठशाचा साचा झिजेपर्यंत वापरला जाई, आणि तो मारणाऱ्या हाताचा जोर रोज सारखा नसे. म्हणून ठशाइतकंच हातोड्याच्या खळग्यांकडे आणि कातलेल्या वळ्यांकडेही बघावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आमच्या सिंबलीच्या ठशाची उंची मोजता येत नाही. वरचा काठ चिंचेने नेला. पुढच्या काळात सिंबलांवर शाईची मोठी अक्षरं आली. तशी असती तर पहिल्या गणपतीतच गेली असती. पण आईचं सगळंच चुकलं असं म्हणवत नाही. या सिंबलांत साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं. आपल्या टाळांचं कासं जवळपास तेच. टाळांच्या रांगेत तिला बसवलं, ते धातूच्या नात्याने बरोबरच होतं.

बाबांना शोध सांगितला तेव्हा ते ऐंशीचे होते. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे मिठाईवाल्याने केली म्हण की.” आणि त्या संध्याकाळी शेजारच्यांना पुन्हा ‘तुर्की’च म्हणून दाखवली.

तुमच्याकडे कुणा काकाची, मामाची जुनी सिंबल माळ्यावर पडली असेल, तर तिला चिंच लावू नका. आधी टॉर्च तिरपा धरून बघा.