बदलापूर सोडावे का?

आमच्या घरात गेले वर्षभर एकच विषय चालला आहे. जेवताना तोच, कपडे वाळत घालताना तोच, विहारातून वंदना करून परतताना तोच. बदलापूर सोडून मुंबईत खोली घ्यावी की नाही?

खोली शोधताना एका एजंटाने फोनवर विचारले, "गाडी आहे का तुमच्याकडे? पार्किंग नाही हं." पत्नी बाजूलाच होती. ती म्हणाली, "सांगा की, आहे म्हणून. पहाटे पाचच्या आधीची!" बदलापुरात गाडी म्हणजे लोकल. दुसरी गाडी आमच्या सात पिढ्यांत कुणी घेतली नाही, आणि घेतली असती तरी ती फोर्टात उभी करायला आमच्या पगाराएवढे पैसे लागले असते.

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. जुन्या काळी इथे प्रवासी घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असे सांगतात. खरे-खोटे कोण जाणे! आम्ही इथे आलो ते मात्र घोडेच काय, सगळेच बदलून. वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर त्यांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. पुढे वीसेक वर्षे त्यांनी वॉचमनकी केली, हातगाडी ओढली, आणि शेवटी कर्ज फेडायला पोयबावडीजवळची पागडीची खोली विकली. उरलेल्या पैशांत बदलापूरला पूर्वेला दोन खोल्या आल्या. पुढे पेरूचे झाड, मागे मोरी. आईला ते झाड फार आवडले. परळमध्ये तिला तुळशीच्या कुंडीएवढीही माती मिळाली नव्हती.

पावसाळा सोडला तर गाव चांगले आहे. उल्हास नदी फुगली की मात्र सगळे गणित बिघडते. २६ जुलै २००५ ला आम्ही रात्रभर ऑफिसात टेबलावर झोपलो. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, ती जागा आमच्या घरापासून एका स्टेशनावर. कल्याण ते बदलापूर जादा मार्ग मंजूर झाल्याला वर्षे लोटली. तोपर्यंत कर्जतची गाडी आधीच भरून येते.

आता मुख्य गोष्ट. थोरली मुलगी फोर्टात सिद्धार्थ महाविद्यालयात बी.कॉम. करते. बाबासाहेबांनी २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू केले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे जावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. त्या सोयीवर आम्ही स्वतः पदवीधर झालो. परळहून गाडी धरली की वीस मिनिटांत व्ही.टी., तास संपले की अकराला दुकानात हिशेब लिहायला हजर. पण ती सकाळ परळ, नायगाव, भायखळा, नागपाडा इथे राहणाऱ्या मुलांच्या हिशेबाची होती. ती मुले आता बदलापूर, टिटवाळा, विरारला राहतात. कॉलेजचा तास तिथेच राहिला, आम्हीच दूर गेलो.

मुलगी पावणेपाचला घर सोडते. तिची आई टॉर्च घेऊन रिक्षापर्यंत जाते. जाऊन-येऊन साडेचार तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे सत्तावीस तास. आमचेही जवळपास तेवढेच. बापलेकीचे मिळून चोपन्न तास! दोन दिवस-रात्री आणि वर सहा तास आम्ही दर आठवड्याला रुळांवर घालवतो. हिशेबाचा माणूस असून हा आकडा आम्ही इतकी वर्षे मांडलाच नव्हता. मुलीने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला.

म्हणून रविवारी खोल्या पाहायला निघालो. रविवारी मेगाब्लॉक, हे काय वाचकांना सांगायचे!

पहिल्यांदा कळव्याला गेलो. अर्धे अंतर, भाडे कमी, वस्ती आपलीच. आम्हाला पटले होते. पण तिथे राहणारा ऑफिसातला सहकारी म्हणाला, "साहेब, बदलापूरला निदान पहाटेच्या गाडीला बसायला मिळतं. इथं दारात पाय ठेवायला मिळाला तरी नशीब. तुमची पोरगी आज बसून वाचते, इथून लटकून जाईल." ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले, ते आठवले. जवळ येणे म्हणजे सुखाचे होणे नव्हे, हे त्या दिवशी कळले. कळवा वहीतून खोडला.

पुढच्या रविवारी कुर्ला. इथे मध्य आणि हार्बर दोन्ही मार्ग मिळतात, एक बंद पडला तर दुसरा. खोली दहा बाय बाराची, वर पोटमाळा. भाडे पंधरा हजार, डिपॉझिट एक लाख, करार अकरा महिन्यांचा, एजंटाला एक महिन्याचे भाडे. मालकाने चहा दिला, मुलीचे शिक्षण विचारले, मग आडनाव विचारले, मग म्हणाला, "कळवतो." भिंतीवर फोटो कुणाचा लावणार, हे त्याने विचारले नाही, पण आम्हाला ते ऐकू आले. आठ दिवसांनी एजंट म्हणाला, खोली गेली. पंधरा दिवसांनी तिथला आमचा एक कार्यकर्ता म्हणाला, खोलीला अजून कुलूपच आहे. दुसरी खोली मिळालीही असती. पण पगाराचे हातात अठ्ठावीस हजार, बदलापूरचे घर भाड्याने दिले तर पाच येतील, म्हणजे महिना दहा हजारांचा खड्डा. पास वाचेल म्हणावे तर रेल्वेचा पास इतका स्वस्त की तो वाचवून हाती काही लागत नाही. त्या स्वस्त पासानेच आमच्यासारख्यांना इतके लांब नेऊन ठेवले आहे.

स्वाधार योजनेचीही चौकशी केली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मुंबईत वर्षाला साठ हजार मिळतात. आम्ही विचारले तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती. आम्ही थोड्यासाठी बाहेर पडलो. आमच्यापेक्षा कमी पगारावर असलेल्या बांधवांनी मात्र समाजकल्याण कार्यालयात जरूर जावे. आमच्या वस्तीतल्या चारपैकी तिघा पालकांना ही योजना ठाऊकच नव्हती.

कुर्ल्याहून परतताना परळला उतरलो. बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले, तिथे मुलीला नेले. ती पायऱ्या चढून खोल्यांच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. बाबासाहेबांना त्यांचे वडील रात्री दोनला अभ्यासाला उठवत, हे आम्ही तिला लहानपणापासून ऐकवत आलो. ती म्हणाली, "पप्पा, ते दोनला उठून वाचायचे. मी चारला उठून गाडी पकडते. दोन्ही सारखं नाही." आम्हाला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री घरी सगळे बसलो. आई म्हणाली, मी झाड सोडून कुठे येणार नाही, तुम्ही जा. पत्नी अंगणवाडीत मदतनीस आहे. ते काम कुर्ल्याला बदलून मिळत नाही. धाकटा आठवीत, त्याला शाळा सोडायची नाही. शिवाय विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो, तो थोरलीच घेते. एकट्या तिच्यासाठी पाच माणसांचे घर उचलायचे, की पाच माणसांसाठी तिने पहाटे पावणेपाचला निघायचे? बराच वेळ कुणी बोलले नाही. मग तीच म्हणाली, "मी आत्याकडे राहते. घर नका हलवू."

आत्याची खोली चेंबूरला, हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला. खोलीत आधीच पाच माणसे, ही सहावी. आत्या पैसे घेईना. "माझ्या भावाची लेक मला जड आहे का?" म्हणाली. आम्ही महिन्याला तांदूळ आणि तेल पोचवतो, ते ती कुरकुरत घेते.

आता थोरली सोमवार ते शनिवार तिकडे आणि शनिवारी रात्री घरी. मागच्या महिन्यात तिने सांगितले की आता ती संध्याकाळी ग्रंथालयात बसते. अभ्यासवर्ग पत्नीने आणि धाकट्याने मिळून सांभाळला आहे, गणित तेवढे आम्ही रविवारी शिकवतो. पत्नीला मात्र अजून पहाटे चारला जाग येते. उठते, टॉर्च हातात घेते आणि पुन्हा ठेवते.

रविवारी संध्याकाळी आम्ही मुलीला स्टेशनवर सोडायला जातो. आई पेरू बांधून देते. मेगाब्लॉक असला तर ती चारलाच निघते.